बाजूला न पाहणारा धुरकरी

आम्हां भांडेकरांच्या घरी शहाणपण येतं, नाही असं नाही. पण ते उशिरा येतं, आणि आल्यावर आधी गोठ्यात जाऊन बैलांची ख्यालीखुशाली विचारतं. त्या वर्षी शंकरपटाच्या, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीच्या, आदल्या दुपारी असंच झालं. उमाजीकाका आणि प्रेमिलाकाकू नागपूरच्या डॉक्टरांना दाखवून परत आले. छोट्या लाईनच्या गाडीने मूल गावापर्यंत, तिथून मोटार, मग वैनगंगेत डोंगा, मग पायी. काकाचं डोकं दुखीने फुटायला आलं होतं, आणि अंगणात त्याचा थोरला भाऊ, म्हणजे माझा बाप लटारू, पाखऱ्या बैलाच्या खांद्याला तेल चोळत बसला होता.

मी त्या दुपारी हजर नव्हतो, मी पुढे जन्मलो. पण ती दुपार प्रत्येकाने आपापल्या बाजूने मला इतक्यांदा ऐकवली आहे, की आता कोणाच्याही डोक्यात शिरायला मला परवानगी लागत नाही. शिवाय आमच्या घरातल्या डोक्यांत जागाही पुष्कळ असते.

"काय म्हणे डाक्टर?" बापाने विचारलं. हात बैलावरच होता.

"म्हणे, भावाचं बैलाले तेल चोळणं झालं का मंग सांग," काका म्हणाला आणि ओट्यावर बसला. काकू त्याच्या डाव्या अंगाला, दाराच्या चौकटीला टेकून, पदर पुढे ओढून बसली.

पटासाठी माहेरी आलेली कमळाआत्या आतून वडे तळता तळता बाहेर आली. तिच्यामागे आजी, सुगंधाबाई. आजी उंचीने दाराच्या कडीएवढी, पण घरातलं पान तिच्याशिवाय हलत नसे.

"एका डोक्याले तीन डाक्टर लागले, माय," काका सांगू लागला. त्याला दुखणंसुद्धा दंडारीच्या नाटकात सोंग वठवल्यासारखं सांगायची सवय. "पह्यला डोळ्याचा. त्यानं काळ्या पडद्यापुढं बसवलं, म्हणे समोरच्या ठिपक्यावरून नजर हालवू नको, अन् बाजूनं पांढरी टाचणी आणली. म्हणे दिसली का सांग. मी म्हटलं, आणा तं खरी! तं तो म्हणे, बापा, कवाची आणली. दुसऱ्यानं डोक्याचा फोटो काढला. तिसरा ग्रंथीचा डाक्टर. त्यानं रामराम केला, माहा हात हातात घेतला अन् सोडेच ना. उलटापालटा करून पाहे. मले वाटलं, हात पाहून नशीब सांगते का काय."

"मंग?"

"मंग त्यानं इचारलं, याचा जुना फोटो आहे का?"

फोटो होता. लग्नाच्या वर्षी मार्कंड्याच्या जत्रेत, रंगवलेल्या महालाच्या पडद्यापुढे काढलेला. काकूने तो आपल्या पेटीतून नागपूरला नेला होता. कशाला, ते तिने कोणाला सांगितलं नाही. तिला विचारलंही कोणी नाही. त्या फोटोत बारीक नाकाचा, लहान जिवणीचा एक पोरगा बसलेला आहे. डॉक्टरने फोटो हातात धरला, समोर बसलेल्या माणसाकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे पाहिलं, आणि काकूला म्हणाला, "बाई, तुमच्या घरात हे कोणाच्याच लक्षात आलं नाही का?"

आता याचं उत्तर काकूने काय द्यावं? लक्षात सगळ्यांच्या आलं होतं. काकाचा हात फावड्यासारखा झाला, तेव्हा आजी म्हणाली, माझ्या हातचं तूप त्याला लागतं. चांदीची अंगठी बोटात रुतली आणि सोनाराकडून कापून काढावी लागली, तेव्हा बाप म्हणाला, हा खरा कास्तकाराचा हात. चांभार दर वर्षी नवा साचा करी आणि आम्ही त्याच्या मापात खोट काढू. जबडा पुढे आला, नाक पसरलं, दातांत फटी पडल्या, तेव्हा कमळाआत्याने शोध लावला की उमाजी दिवसेंदिवस पणजोबांसारखा दिसू लागला आहे. पणजोबांना आमच्यापैकी कोणीही पाहिलेलं नव्हतं. आवाज घोगरा आणि भारी झाला, तर गावाने त्याला दंडारीत कुंभकर्ण केलं, आणि आम्ही पुढच्या रांगेत बसून टाळ्या पिटल्या.

"तं झालं काय तुले?" बापाने आता हात पुसले.

"डोक्यात, नाकाच्या मागं, एक पिट्युटरी राह्यते." हा शब्द काकाने गाडीत घोकून घोकून पाठ केला होता. "साऱ्याइलेच राह्यते. आपल्या लाखोळीच्या दाण्याहून थोडी मोठी. पन माणसानं किती वाढाचं, कवा थांबाचं, सारं तिच्या हुकमानं. बाकीच्या ग्रंथ्या तिचं आयकतात. दिसाले एवढीशी, पन घर तिचंच चालते."

सगळ्यांच्या माना आपोआप आजीकडे वळल्या.

"माह्याकडं काऊन पाहून राह्यले?" आजी म्हणाली.

"माही पिट्युटरी मातली, माय. तिच्यात गाठ आली, अन् ती थांब म्हनतच नाई. उंचीचं वय गेलं म्हणून उंच नाई झालो, रुंद झालो." काकाने आपले दोन्ही पंजे पुढे धरले. "अन् तिच्या वरूनच डोळ्याच्या नसा जातात. गाठ खालून त्याइले दाबून राह्यली."

बापाने पिवळ्या पाकिटातून डोक्याचा फोटो काढला आणि उन्हात धरला. कवटीच्या तळाशी एक खोबणी असते, ती काकाची फुगून खळग्याएवढी झाली होती. पण हे पाहायला डॉक्टरचा डोळा लागतो. बाप म्हणाला, "मले तं रिकामंच दिसते."

"भांडेकराचं डोकं आहे, भाऊ. भरलेलं दिसलं असतं तं डाक्टर घाबरला असता."

सगळे हसले. काकू हसली नाही. तिने कमळाआत्याच्या लुगड्याचा काठ ओढला.

इथे आमची एक रीत ध्यानात घ्यायला हवी. धाकट्या भावाची बायको थोरल्या भावाशी, म्हणजे आपल्या भासऱ्याशी, बोलत नाही. त्याच्या सावलीवरही पाय देत नाही. काकू या घरात आल्यापासून माझ्या बापाशी एक शब्द बोललेली नव्हती. काही सांगायचंच झालं, तर मधे कोणीतरी लागे. कोणी नसलं, तर ती भिंतीला सांगे आणि बाप भिंतीकडून ऐके.

"बाई, तुमच्या भावाले सांगा," काकू हळूच म्हणाली, "मुंबईले मेंदूचा डाक्टर आहे. एक तं डोक्स्याची हड्डी उघडून गाठ काढते, नाईतं किरणांचा शेक देते. काय कराचं, ते तोच पाहून ठरवन. पन लवकर जावाले लागते. गेलेली नजर वापस येईन का नाई, ते सांगता येत नाई. उरली तेवढी वाचवाची आहे. अन् तवरोक बैलाची गाडीही हाकाची नाई."

आत्या बापाकडे वळली. "प्रेमिला म्हणते, पट झाला का मुंबईले दाखवून आणू."

आत्याच्या मनात तरी काय होतं? तिचा नवरा बाबुलाल राजुऱ्याकडून आपली जोडी घेऊन आला होता, आणि आजवर दर वर्षी तो काकाच्या बाजूच्या वाटेवरून धावून हरला होता. पट म्हणजे दोन वाटा, दोन जोड्या, प्रत्येक जोडीमागे एक धुरकरी. एकदम सुटायचं आणि दुसऱ्याआधी पोचायचं. यंदा काका धावलाच नाही, तर बाबुलाल जिंकेल, आणि लोक म्हणतील, साळा बिमार होता म्हणून जिंकला. ते ऐकण्यापेक्षा हरणं बरं, असा आत्याचा हिशोब होता. आमच्यात अब्रू अशीच मोजतात.

"मी असं नाई म्हटलं," काकू भिंतीला म्हणाली.

"मंग उद्या धावते ना हा?" बाप भिंतीला नाही, सरळ काकाला म्हणाला.

"धावतो ना."

"सरळ तं दिसते?"

"सरळ चांगलं दिसते, भाऊ. तुह्या टोपीचा डागही दिसते."

"तं मंग झालं. पटात बाजूले पाहाचं कामच काय?"

ऐकायला हे अगदी बरोबर वाटतं, आणि आमच्या घरातल्या सगळ्या मोठ्या चुका अशाच ऐकायला बरोबर वाटलेल्या आहेत. विहीर टेकडावर खणली, तेव्हाही कोणीतरी असंच बोललं होतं.

एवढ्यात बाबुलाल तलावावरून आपली जोडी पाणी पाजून आला. आत्याने त्याला कोपऱ्यात नेऊन सांगायच्या आधीच काकाने हाक मारली, "या जवाईबापू, या. माह्या डोक्यात लाखोळी पिकली." आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

बाबुलाल ऐकत होता. आधी त्याने तोंडातला खर्रा थुंकला. मग तो काकासमोर उकिडवा बसला.

"उमाजी, माह्या नाकाकडं पाह्य. नजर हालवू नको."

"पाहून राह्यलो."

बाबुलालने दोन्ही हात बाजूंना लांबवले आणि बोटं हालवायला लागला. वडे खाली ठेवून आत्या पाहू लागली.

"हात दिसतीन तं सांग," बाबुलाल म्हणाला.

"आणा तं खरी," काका म्हणाला.

बोटं हलतच होती. बाबुलालने हात हळूहळू आत आणले. बोटं त्याच्या स्वतःच्या कानांजवळ आली, तेव्हा कुठे काका म्हणाला, "हं. आत्ता दिसले."

कोणी हसलं नाही. बाबुलालचा चेहरा मात्र पाहण्यासारखा झाला होता, असं बाप पुढे मरेपर्यंत सांगत असे.

"म्हंजे दर साल मी तुह्या बाजूनं जीव तोडून धावलो..."

"हो."

"आरडलो, तुले शिव्या देल्ल्या, टोपी फेकली. अन् मी तुले दिसलोच नाई?"

"आयकू येत होते ना, जवाई. आवाज चांगला आहे तुमचा."

"अन् सारा मुलूख म्हणे, पाहा, काय छातीचा धुरकरी आहे! बाजूच्या जोडीकडं ढुंकून पाहत नाई! मी घरी जाऊन हिले सांगो, कमळा, तुह्या भावाले भेवच नाई. मी स्वतः सांगो!" बाबुलालने कपाळावर हात मारून घेतला. "मी आंधळ्याच्या हिमतीवर जळत होतो, बापा."

काका त्यावर खदाखदा हसला. पण त्या वेळी त्याच्या आत काय चाललं होतं, ते त्याने मला फार पुढे, माझ्या लग्नाच्या मांडवात बसून सांगितलं. लहानपणी तो गावातला सगळ्यात भित्रा पोर. गाय अंगावर आली तर रडायचा. माझा बाप त्याला 'ससा' म्हणे. मग लग्नानंतर हळूहळू हात मोठे झाले, आवाज मोठा झाला, आणि पटात त्याला बाजूची जोडी दिसेनाशी झाली. दिसेना, म्हणून भीतीही वाटेना. नजर दोन्हीकडून दार लोटल्यासारखी मिटत चालली आहे, हे त्याला बरंच आधी कळलं होतं. पण जन्मात पहिल्यांदा लोक त्याला शूर म्हणत होते. डॉक्टरकडे जाऊन त्याला पुन्हा ससा व्हायचं नव्हतं.

"एक डाव धावू दे, माय," तो आजीला म्हणाला. आता आवाजात सोंग नव्हतं. "मुंबईचा डाक्टर डोक्स उघडन. मंग मी वापस येईन का नाई, कोण सांगते? गेलो तं धुरकरी म्हणून जातो."

आजीचे डोळे भरले. बापाने तोंड फिरवून पाखऱ्याची शिंगं पुसायला घेतली. "एकच डाव," तो पुटपुटला. "मी पुढच्या टोकाले उभा राह्यतो. माह्या आवाजावर ये." आत्यानेही मान डोलावली. सगळं घर रडता रडता त्याला बैलांमागे बसवायला तयार झालं. आमच्या घरी माया झाली की ती अशी करतात.

तेव्हा काकू उठली. पदर होता तसाच होता, पण ती भिंतीकडे वळली नाही. ती सरळ माझ्या बापासमोर जाऊन उभी राहिली.

"भाऊजी," ती म्हणाली, "तुम्ही पुढच्या टोकाले उभे राह्यसान. अन् बाजूनं जवाईची जोडी अंगावर आली तं? ते याइले दिसन का? हे पडले, अन् डोक्यावर चाक गेलं, तं मी मुंबईले काय घेऊन जाऊ? हा फोटो?"

माझा बाप सांगत असे की त्याला शब्द कळलेच नाहीत. एवढ्या वर्षांत न ऐकलेला तो आवाज आपल्याशी बोलतो आहे, एवढंच कळलं, आणि तो बैलाआड झाला. बाप भासरा असून भावजयीला लाजला.

आजी मात्र भडकली. मोडलेल्या रीतीचा राग, लेकाच्या दुखण्याचा राग, सगळं एकाच दाराने बाहेर आलं.

"तू मधात बोलू नको! लेकराची आस तुले काय समजते? पोट पिकलं असतं तं समजलं असतं, पोराले कोणत्या तोंडानं नाई म्हणाव!"

हे वाक्य घरात नवं नव्हतं. एरवी ते चुलीपाशी बोललं जाई, आज उन्हात बोललं गेलं, इतकंच. काकूने ते दर वेळी ऐकून घेतलं होतं. मार्कंड्याला नवस केले होते, गडावरच्या बाबाचा अंगारा खाल्ला होता, सोमवार धरले होते. काकाचं दुसरं लग्न करावं, असंही एकदा याच ओट्यावर ठरत आलं होतं.

"माय," काका म्हणाला. "तेही माह्याच डोक्यातलं आहे."

"काय?"

"लेकरू नाई होत ते. डाक्टरनं तेही इचारलं, अन् तेही सांगितलं. ही गाठ बाकीच्या साऱ्या ग्रंथ्याइले दाबते. लेकरू त्याच्यानंच नाई. इच्यात काही खोट नाई. मी गाडीत म्हटलं, घरी गेल्याबरोबर सांगतो. तं ही म्हणे, राहू द्या. पटाचे पाहुणे आहेत, मायले वाईट वाटन."

काकू मला म्हणाली होती, की ते चांगुलपण वगैरे काही नव्हतं. डॉक्टरने एका वाक्यात ते सांगितलं, आणि तिला त्याचाच राग आला. इतकी वर्षं जे तिने अंगावर घेतलं, ते एका वाक्याचं होतं! तिला ते वाक्य लगेच कोणाला द्यायचं नव्हतं. थोडे दिवस एकटीने जवळ ठेवायचं होतं.

आजी ओट्याच्या पायरीवर बसली. ती आधीच एवढीशी, बसल्यावर आणखीच एवढीशी झाली. काय करावं ते न सुचून आत्याने तिच्यापुढे वड्यांची परात ठेवली.

परात बाजूला सारून आजी म्हणाली, "उमाजी, प्रेमिला कुठी आहे?"

काकाने समोर पाहिलं. तिथे बाप होता, बैल होता, बाबुलाल होता. "आतमधी गेली वाटते," तो म्हणाला.

काकू पुन्हा आपल्या जागी, त्याच्या डाव्या हाताला येऊन बसली होती. इतक्या जवळ, की तिचा पदर त्याच्या गुडघ्याला लागत होता.

आजीने ते पाहिलं. मग ती उठली, खुंटीवरची पटाची तुतारी, म्हणजे बैल हाकायची काठी, काढली आणि बाबुलालच्या हातात दिली.

"जवाईबापू, उद्या आपली जोडी पटात नाई. रेंगीले जुपा. याइले डोंग्याच्या घाटावर पोचवून द्या."

"पाखऱ्या सवारीच्या रेंगीले?" बाप बैलाआडून ओरडला.

"तू चूप," आजी म्हणाली. आणि पिट्युटरीने हुकूम दिल्यावर बाकीच्या ग्रंथींनी काय करायचं असतं, ते आता आम्हाला ठाऊक झालं होतं.

"मंग मी तरी कोणासंग धावू?" बाबुलाल म्हणाला. "याच्याशिवाय जिंकून काय चव आहे? मीच हाकतो."

सकाळी पटाच्या मैदानाकडे ढोल वाजत होते, आणि मुलखातली सगळ्यात वेगवान जोडी उलट्या दिशेला, घाटाकडे, डुलत डुलत चालली होती. पाखऱ्याला चालणं माहीतच नव्हतं. बाबुलाल कासरा आवरून दमला. निघताना आजीने रीतीप्रमाणे धुरकऱ्याच्या कपाळाला कुंकू लावायला करंडा आणला होता. तो तिने आधी काकूपुढे धरला. माफी वगैरे मागितली नाही. आमच्यात मागत नाहीत. कुंकवाचा अंगठा काकूच्या कपाळावर जरा जास्त वेळ दाबला, इतकंच.

माझा बाप गावाच्या वेशीपर्यंत रेंगीमागे चालत आला. वेशीपाशी तो थांबला, लिंबाच्या झाडाकडे तोंड केलं आणि झाडाला म्हणाला, "उमाजीले सांभाळून नेजा व."

"हाव, भाऊजी," काकू झाडाला न विचारता म्हणाली.

ती नेहमीप्रमाणे काकाच्या डाव्या अंगाला बसली होती. वेस मागे पडल्यावर काकाने मान न वळवता विचारलं, "प्रेमिला, आहेस ना?"

हलत्या रेंगीत ती गाडीचा दांडा धरून उठली, त्याच्या पुढ्यात आली आणि बाबुलालच्या पाठीला पाठ लावून, जायच्या दिशेकडे पाठ करून, नवऱ्याकडे तोंड करून बसली.

"आता?" तिने विचारलं.

"आता दिसून राह्यली," काका म्हणाला.

घाट येईपर्यंत ती तशीच उलटी बसली होती. बाबुलाल सांगतो, पाठीला पाठ होती म्हणून त्याला कळलं, बाई सगळी वाट रडत होती. आणि उमाजी तिला सांगत होता, डोळे पूस, नाईतं मुंबईचा डाक्टर म्हणन, दोघांचेही डोळे बिघडले.